युद्धकाळातली विलीज जीप पुन्हा उभी करताय? या चुका टाळा

गोठ्याच्या कडेला ताडपत्रीखाली पडलेली जीप दाखवताना मालक हमखास सांगतो, "लढाईतली हाय, आजोबा मिलिटरीत होते." सातारा जिल्ह्यात यावर शंका घेणंही अवघड. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं इथलीच. पण आजोबा लढाईत होते म्हणून जीपही लढाईत होती असं नाही. आपल्याकडे 'लो बोनेट' म्हणून जे विकलं जातं त्यात १९४१ ते १९४५ मधल्या विलीज एमबी आणि फोर्डनं बनवलेल्या तशाच जीपीडब्ल्यू असतात, तशाच युद्धानंतरच्या नागरी वापराच्या सीजे-२ए आणि सीजे-३एही असतात. महिंद्राची 'हाय बोनेट' सीजे-३बी ही तर पुढची पिढी.

ओळखायचं कसं? जाळीच्या फटी मोजा. युद्धातल्या बहुतेक गाड्यांना नऊ, नंतरच्या सीजेला सात. एमबीचे हेडलाइट जाळीच्या आत दबलेले असतात आणि नट सैल करून उलटे इंजिनाकडे फिरवता येतात. सीजेचे मोठे आणि बाहेर आलेले असतात. मागं उघडणारं फाळकं असेल तर ती सीजे. पण जाळी आणि फाळकं दोन्ही बदलता येतं, म्हणून खाली वाकून चासी बघा. पुढचा आडवा दांडा गोल पाइपचा असेल तर विलीज, उलट्या यू आकाराचा असेल तर फोर्ड. फोर्डच्या मूळ बोल्टांच्या डोक्यावर एफ कोरलेला असतो. आणि स्टिअरिंग उजवीकडे असेल तर ते इथं कुणीतरी हलवलंय. युद्धातली प्रत्येक जीप डाव्या स्टिअरिंगची होती.

मग टेप घ्या. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर भरलं पाहिजे. दोन्ही बाजूंनी मोजा. सातारा-सांगली पट्ट्यात जीप वडापला, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीला लागली की जादा सीट बसवायला चासी लांबवायची, हा एके काळचा रिवाज. नंतर कुणीतरी ती पुन्हा कापून आखूड करतो, वर पट्टी मारून काळा रंग देतो. डावी-उजवीत पाच-सहा मिलिमीटरचा फरक आला तरी चासीच्या आतल्या बाजूचा रंग खरवडून वेल्डिंग शोधा. सांगलीकडची गाडी असेल तर आणखी एक काम: दोन्ही अ‍ॅक्सलचे ड्रेन प्लग उघडा. २०१९ च्या महापुरात पाण्याखाली गेलेल्या गाडीतून दुधाळ चहासारखं ऑइल येतं आणि ड्रमच्या आत बारीक गाळ बसलेला असतो. तसं निघालं तर आधी बेअरिंगचा खर्च धरा, मग भाव करा.

कागद आणि रंग

एमएच-११, एमएच-१० किंवा एमएच-५०, कुठलीही पासिंग असो, आरसीवरचा चासी नंबर आणि प्रत्यक्षातला नंबर जुळल्याशिवाय पैसे देऊ नका. हे सगळेच सांगतात. न सांगितलं जाणारं असं की पेट्रोल इंजिन काढून डिझेल टाकलेली जीप विंटेज नोंदणीत अडकते. २०२१ च्या नियमानुसार ५० वर्षांहून जुन्या, बिगरव्यावसायिक गाडीला 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. पण चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेला चालत नाही. आणि ही नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराची राहत नाही; रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. आठवडी बाजाराला न्यायची असेल तर हा मार्ग तुमचा नाही.

रंगाची चूक तर जवळजवळ प्रत्येक जण करतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे संरक्षण खात्याशिवाय कुणाच्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. पेंटरकडे डबा पाठवण्याआधी आरटीओत जाऊन कोणता रंग आरसीवर चढेल ते विचारून घ्या. तसंही बाजारात 'मिलिटरी ग्रीन' म्हणून मिळणारा हिरवागार रंग युद्धातल्या जीपचा नव्हेच. तो रंग काळा आणि पिवळी माती मिसळून केलेला, तपकिरीकडे झुकणारा आणि अजिबात न चमकणारा होता.

डाव्या स्टिअरिंगची आणखी एक अट आहे: चालू स्थितीतला सिग्नल लागतो. एमबीला मुळात इंडिकेटर नव्हते. लहान दिवे लावा, वायर चासीच्या आतून न्या, भोकं मात्र मूळ पत्र्यात पाडू नका. क्लॅम्पवर बसवा.

"बसतंय की!"

खोलणं सुरू झालं की खरी नासधूस इथं होते. जीपचे सगळे आटे अमेरिकन आहेत, जाडे यूएनसी आणि बारीक यूएनएफ. हार्डवेअरच्या दुकानात मेट्रिक मिळतं, जुन्या दुकानात बीएसडब्ल्यू, म्हणजे जुने ब्रिटिश आटे. ५/१६ इंचाचा बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा आणि एम-८ हा ८ मिलिमीटरचा. हातानं दोन आटे जातो, मग पाना लावला की जोर करून जातो, आणि भोकातले आटे कायमचे जातात. बीएसडब्ल्यू त्याहून फसवा. ५/१६, ३/८ आणि ७/१६ या मापांत त्याच्या आट्यांची संख्या यूएनसीइतकीच, त्यामुळे सरळ आत जातो. फक्त आट्याचा कोन ५५ अंशांचा, यूएनसीचा ६०. म्हणजे तो कडेकडेनं पकडतो आणि धक्क्यानं सैल होतो. अर्ध्या इंचात तर आटेच वेगळे, एकाला इंचात १२ आणि दुसऱ्याला १३. शंभर रुपयांचा आटे-गेज खिशात ठेवा आणि मूळ बोल्ट गंजका दिसला तरी भंगारात टाकू नका.

डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. पंक्चरवाल्याची हवेची गन नेहमीच्या दिशेनं फिरली की नट सुटत नाही, स्टड तुटतो. 'डावी बाजू, उलटे आटे' हे पेंटनं रिमवरच लिहून ठेवा.

आणि चाकाबाबतची ही एक चूक जिवावरची आहे. मूळ 'कॉम्बॅट' रिम दोन अर्ध्या भागांची असते आणि ते भाग आठ नटांनी जोडलेले असतात. चाक हबवर धरणारे नट पाच, ते मध्याजवळच्या आतल्या वर्तुळात वेगळे. हवा भरलेली असताना चुकून ते आठ नट ढिले केले तर रिम दोन तुकड्यांत उडते. टायर काढण्याआधी व्हॉल्व्हचा कोअर काढा, हवा पूर्ण गेल्याची खात्री करा, मगच पाना लावा. नवख्या पोराच्या हातात हे काम देऊ नका.

पत्रा आणि पाऊस

एमआयडीसीतलं सॅण्डब्लास्टिंग चासीला उत्तम, बॉडीच्या पत्र्याला घातक. लोखंडी गर्डरसाठी ठेवलेल्या दाबानं पातळ पत्र्यावर वाळू मारली की तो लाटेसारखा होतो आणि डेंटर महिनाभर ठोकत बसतो. बॉडीला रंग काढायचं केमिकल आणि वायर ब्रश एवढंच. फरशी कापण्याआधी दोन्ही दरवाजांच्या पोकळीत आडवे पाइप टाक्यांनी वेल्ड करा, नाहीतर जुनी फरशी निघाली की टप, म्हणजे बॉडीचा सांगाडा, वाकतो आणि नवीन फरशी बसत नाही.

फरशीखाली टोपीच्या आकाराच्या पन्हळी आहेत. त्यांच्या आत मूळ लाकडाच्या पट्ट्या असतात आणि फरशी कुजते ती त्यांच्यामुळेच: लाकूड पाणी धरतं, आतून गंज चढतो. बहुतेक जण वरचा पत्रा बदलतात आणि आतलं ओलं लाकूड तसंच ठेवतात. चार पावसाळ्यांत पुन्हा तीच गत. लाकूड बदला, बसवण्याआधी सगळ्या बाजूंनी रंगवा, आतल्या पत्र्यालाही इपॉक्सी प्रायमर मारा. उघडा पत्रा जुलैत साताऱ्यात एक रात्र जरी राहिला तरी सकाळी तांबूस झालेला असतो, म्हणून दिवसभरात जेवढं प्रायमर होईल तेवढंच घासा.

इंजिन

चार सिलिंडरचं, बाजूला व्हॉल्व्ह असलेलं, २१९९ सीसीचं हे इंजिन साधं आहे. त्यामुळेच लोक त्याला गृहीत धरतात. बोअर करून आणल्यावर ब्लॉकला व्हॉल्व्ह सीट आणि सिलिंडरच्या मध्ये तडा सापडला तर बोअरिंगचे पैसे पाण्यात. आधी तडा तपासा, मग लेथवाल्याकडे जा. संप, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, काढून ऑइल ओढणारी तरंगती जाळी साफ करा. त्यात दशकांचा चिखल असतो आणि नवं ऑइल तो सोडवून जाळीवर आणतं. ऑइल एसएई ३०, फिल्टरसकट साधारण पावणेपाच लिटर.

मापं लिहून भिंतीला लावा: प्लग गॅप ०.०३० इंच, पॉइंट ०.०२० इंच, टॅपेट थंड असताना ०.०१४ इंच, फायरिंग १-३-४-२. हेडचे नट ६० ते ६५ फूट-पौंड, आणि एकदा गरम होऊन थंड झालं की पुन्हा ताण तपासायचा.

गिअर बॉक्सच्या ऑइलमध्ये 'नवीन आहे, चांगलंच असणार' म्हणून जीएल-५ दर्जाचं ओतू नका. त्यातली रसायनं गिअर जुळवणाऱ्या सिंक्रोच्या पितळेला खातात. एसएई ९०, जीएल-४ घ्या: गिअर बॉक्सला सुमारे ०.७ लिटर, ट्रान्सफर केसला १.४ लिटर. एकात पातळी वाढते आणि दुसऱ्यात उतरते असं दिसलं तर मधला सील गेलाय.

गरम होण्याची तक्रार आली की रेडिएटर बदलायची घाई असते. या इंजिनात एक्झॉस्टची वाट ब्लॉकमधूनच जाते, म्हणून टायमिंग थोडं जरी मागं पडलं तरी ब्लॉक तापतो. आधी टायमिंग बघा. मग झाकण: मूळ झाकण सुमारे ४ पौंडांचं. आजच्या गाडीचं १३-१५ पौंडांचं झाकण 'बसतंय' म्हणून लावलं की जुना रेडिएटर शिवणीवर फाटतो.

पंपावर आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. जुन्या फ्युएल पंपाचा डायफ्राम आणि रबरी पाइप त्यात फुगतात, चिकट होतात. इथेनॉल चालणारा डायफ्राम आणि होज घ्या, टाकी आतून लेपायची असेल तर तो लेपही इथेनॉलला टिकणारा बघा, नाहीतर त्याच्या पापुद्र्यांनीच कार्ब्युरेटर तुंबतो. खंबाटकीच्या चढावर दुपारी गाडी बंद पडली तर लगेच कॉइल बदलू नका. प्लगला ठिणगी आहे का बघा. ठिणगी असेल तर पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं थांबा. चालू झाली तर पेट्रोलची वाफ अडकली होती.

सहा व्होल्ट

इलेक्ट्रिशियन म्हणतो, "बारा करून टाकू." मग कॉइल, दिवे, मीटर, स्टार्टर सगळंच चुकतं. मूळ ६ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थिंग. ते नीट चालतं, पण दोन अटींवर. सहा व्होल्टला तेवढ्याच कामाला दुप्पट करंट लागतो, म्हणून बॅटरीची केबल आजच्या गाडीची पातळ चालत नाही. वेल्डिंगची ५० चौरस मिलिमीटरची केबल आणा. स्टार्टर मारताना बॅटरी ते स्टार्टर मीटर लावा. पाव व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर सांधा खराब.

दुसरी अट अर्थिंगची. सगळी जीप पावडर कोटिंग करून आणली की दिवे मंद, मीटर वेडे आणि स्टार्टर 'खर्र' करून थांबतो. रंग वीज अडवतो. इंजिन ते चासी आणि चासी ते बॉडी जाड पट्टी लावा, तिच्याखालचा रंग खरवडा, घट्ट केल्यावर वर ग्रीस. जनरेटर दुरुस्त करून बसवल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी रेग्युलेटरच्या आर्मेचर आणि बॅटरी टर्मिनलांना वायरनं क्षणभर स्पर्श करायचा. हे विसरलं तर तो उलटा चार्ज करतो आणि रेग्युलेटरचे पॉइंट जळतात.

ब्रेक

चारही ड्रम ९ इंचांचे, पण व्हील सिलिंडर सारखे नाहीत: पुढे १ इंच, मागे ३/४ इंच. चारही एकाच मापाचे बसवले की मागची चाकं आधी अडकतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी फिरते. लायनिंगची जुनी धूळ कॉम्प्रेसरनं उडवू नका, तिच्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ओल्या कापडानं पुसा.

सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार: चार किलोमीटर गेल्यावर ब्रेक आपोआप लागतात, पेडल दगडासारखं होतं. कारण बहुतेक वेळा पेडलला सैलपणा नसणं. मास्टर सिलिंडरच्या दांड्याला मोकळीक नसेल तर पिस्टन पूर्ण मागं येत नाही, परतीचं बारीक भोक बंद राहतं आणि तापून फुगलेल्या ऑइलला टाकीत जायला वाट उरत नाही. हातानं दाबून बघा, पेडल पहिला अर्धा इंच सैल जायला हवं. ते बरोबर असून चाक धरत असेल तर मास्टरजवळचा पाइप किंचित ढिला करा. चाक सुटलं तर दोष मास्टरमध्ये. नाही सुटलं, पण चाकाचा ब्लीडर (हवा काढायचा स्क्रू) उघडल्यावर सुटलं तर मधला रबरी होज आतून फुगून बंद झालाय. बाहेरून तो अगदी नवा दिसतो.

हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर आहे. तो गाडी उभी करायला. चालत्या गाडीत ओढला तर सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो. डांबरी रस्त्यावर पुढचा अ‍ॅक्सल जोडून वळणं घेणंही तितकंच वाईट.

५०-६० च्या वेगात पुढची चाकं थरथरली की लोक चाकं बॅलन्स करून आणतात. आधी एकाला स्टिअरिंग डावी-उजवी हलवायला सांगा आणि खाली झोपून मधल्या बेलक्रँककडे, म्हणजे स्टिअरिंगचे दांडे जोडणाऱ्या फिरत्या तुकड्याकडे बघा. तिची पिन तिथंच खुळखुळत असते. मग किंगपिनची बेअरिंग, आणि शेवटी टो-इन (चाकं पुढच्या बाजूनं किंचित आत वळलेली असणं), एक ते दोन मिलिमीटर.

पहिली मोठी फेरी पसरणी घाटात नेणार असाल तर चढ सोपा आहे. पाचगणीहून वाईकडे उतरताना दुसरा गिअर टाका आणि वाटेत दोनदा थांबून चारही ड्रमजवळ हात न्या. एक ड्रम बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर तो तिथंच उघडायची तयारी बरोबर हवी: जॅक, पाना, आणि डाव्या चाकाचे नट उलटे फिरतात हे लक्षात असलेला एक माणूस.