भाड्याच्या घरातला लॉस सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्समधून वजा होतो का? (अमेरिकेत रिटर्न भरणाऱ्यांसाठी)

अमेरिकेत स्वतःचं कन्सल्टिंग करताय आणि एक घर पण भाड्याने दिलंय, तर रिटर्न भरायला बसायच्या आधी हे नीट वाचा, इथे भलेभले चुकतात.

धंद्याचा हिशोब जातो शेड्यूल सी वर, भाड्याचा शेड्यूल ई वर (दोन्ही रिटर्नला जोडायचे फॉर्म), आणि सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स, म्हणजे स्वतःचा धंदा करणाऱ्यांनी इन्कम टॅक्सशिवाय भरायचा सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा कर, साध्या भाड्याच्या उत्पन्नाला लागतच नाही. भाड्यात फायदा झाला की हे बरं वाटतं, पण लॉस झाला तर तो पण या टॅक्समधून वजा होत नाही.

समजा कन्सल्टिंगमधून खर्च जाऊन ८०,००० डॉलर सुटले आणि घरात १२,००० चा लॉस, बहुतेक डेप्रिसिएशनमुळेच (घराच्या किमतीतली दरवर्षी कागदावर धरायची घट). आधी ८०,००० चे ९२.३५ टक्के काढा, ७३,८८० येतात, त्याचे १५.३ टक्के म्हणजे साधारण ११,३०४ डॉलर, हा झाला सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स. बरेच जण लॉस वजा करून ६८,००० धरून ९,६०८ काढतात आणि तिमाही हप्ते पण तसेच भरतात, मग एप्रिलमध्ये जवळपास १,७०० कमी पडतात.

लॉस वाया जात नाही, तो इन्कम टॅक्सच्या बाजूला कामाला येतो. घराचे निर्णय तुम्ही स्वतः घेत असाल (भाडेकरू कोण, भाडं किती, दुरुस्ती कुठली) तर वर्षाला २५,००० पर्यंत इतर उत्पन्नातून वजा करता येतो, पण उत्पन्न १ लाखाच्या वर गेलं की ही सवलत कमी होत दीड लाखाला संपते. उरलेला लॉस फॉर्म ८५८२ वर पुढच्या वर्षांसाठी ओढायचा, हे फॉर्म जपून ठेवा हो, घर विकताना तो सगळा मोकळा होतो.

रिअल इस्टेट प्रोफेशनल ठरलात, म्हणजे ७५० तासांच्या वर आणि तुमच्या एकूण कामाच्या निम्म्याहून जास्त वेळ त्यातच, तर प्रत्येक घराच्या कामात खरंच हात घातला असेल तेव्हा ही मर्यादा सुटते, तरी सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स तेवढाच राहतो.

वेगळं चित्र एकाच ठिकाणी, थोड्या दिवसांसाठी घर देऊन पाहुण्यांना नाश्ता, रोजची साफसफाई अशा हॉटेलसारख्या सेवा देत असाल तर. मग हिशोब शेड्यूल सी वर येतो, नफ्यावर सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स लागतो आणि तुम्ही स्वतः राबत असाल तर लॉस पण धरता येतो. पण फक्त टॅक्स वाचवायला म्हणून साधं भाडं सी वर टाकू नका.

आणि पुण्याचा फ्लॅट भाड्याने दिला असेल तर तो पण शेड्यूल ई वरच दाखवायचा, फक्त २०१८ पासून पुढे भाड्याने दिलेल्या परदेशातल्या घराचं डेप्रिसिएशन अमेरिकेतल्या घरासारखं साडेसत्तावीस नाही तर ३० वर्षांवर पसरवायचं.