ग्रीक आणि चिनी विचारांची तुलना करताय? या चुका टाळा

'ग्रीकांनी सत्य शोधलं, चिन्यांनी सुसंवाद शोधला.' निबंधात हे वाक्य आलं की पुढची चार पानं न वाचताही सांगता येतात. डाव्या रकान्यात तर्क, व्यक्ती, लोकशाही. उजव्या रकान्यात अंतःप्रेरणा, कुटुंब, सम्राट. तक्ता सुबक दिसतो, पण बिघडलेला असतो. तपासायचा असेल तर रकान्यांत माणसांची नावं घालून बघा. 'पांढरा घोडा म्हणजे घोडा नव्हे' असा वाद घालणारा चिनी तर्कपंडित गोंगसुन लोंग 'सुसंवादा'त कुठे बसवणार? व्याख्या, सावल्या आणि आरसे यांवर लिहिणारे, चिनी विचारवंत मोझीचे अनुयायी? आणि डेल्फीच्या मंदिरात देवाचा कौल घ्यायला जाणारे ग्रीक 'तर्का'त?

मेंढी आणि खंदक

एक जोडी मात्र खरंच तुलना करण्याजोगी आहे, आणि तिथेच सर्वात जास्त घसरायला होतं. कन्फ्यूशियसला एक सरदार अभिमानाने सांगतो, 'आमच्याकडे इतका सरळ माणूस आहे की बापाने मेंढी चोरली तर त्याने साक्ष दिली.' कन्फ्यूशियस म्हणतो, 'आमच्याकडचा सरळपणा वेगळा. बाप मुलाला झाकतो, मुलगा बापाला.' ग्रीसमध्ये प्लेटोच्या संवादात युथिफ्रो आपल्याच बापावर खुनाचा खटला भरायला निघालाय: बापाने एका मजुराला, त्याने गुलामाला मारलं म्हणून, बांधून खंदकात टाकलं आणि तो तिथेच मेला.

झालं, आपण लगेच लिहितो: चीनमध्ये कुटुंब मोठं, ग्रीसमध्ये न्याय मोठा. पण संवाद नीट वाचा. युथिफ्रोचे नातेवाईक त्याच्यावर संतापलेत. मुलाने बापावर खटला भरणं हे पाप, असं त्यांचं म्हणणं. सॉक्रेटिसही थक्क होतो. उलट चीनमध्ये इ.स.पू. तिसऱ्या शतकात राज्यकारभारावर लिहिणारा विचारवंत हान फेई तीच मेंढीची गोष्ट वेगळ्या शेवटासह सांगतो: बापाची चुगली केली म्हणून अधिकाऱ्याने त्या मुलालाच मारलं, आणि मग छू राज्यात गुन्ह्यांची खबर वरपर्यंत जाईनाशी झाली. राजाचा इमानी माणूस बापाचा वैरी ठरतो, ही त्याची तक्रार. म्हणजे भांडण ग्रीस विरुद्ध चीन असं नाहीच. दोन्हीकडे घरातल्या घरात चाललंय. एकाच अवतरणावर 'चीन' उभा करू नका. समोरच्याच गोटातला विरोधक आधी शोधा.

पंचमहाभूतांचा मोह

ही खास आपली चूक. चिनी यादीत लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी दिसलं की आपण 'अरे, पंचमहाभूतं!' म्हणतो आणि ग्रीक विचारवंत एम्पेडोक्लिसची चार तत्त्वंही त्याच पिशवीत कोंबतो. एम्पेडोक्लिसचा प्रश्न होता, वस्तू कशाच्या बनल्या? चिनी यादीतल्या पाचांना 'शिंग' (xing) म्हणतात, आणि या शब्दात मात्र चालणं आहे. लाकडातून अग्नी, अग्नीतून राख म्हणजे माती, मातीतून धातू; दुसऱ्या क्रमाने पाणी अग्नीला जिंकतं, अग्नी धातूला. या चक्रावर राजघराणीसुद्धा बसवली गेली. चौ घराणं अग्नीचं, म्हणून त्याला जिंकणाऱ्या छिन घराण्याने पाणी आणि काळा रंग घेतला, अशी इतिहासकार सीमा छ्येनची नोंद आहे. आपली महाभूतं कधी कुणाचं सिंहासन उलथवायला गेली नव्हती.

'त्यांच्याकडे हे नव्हतं'

सिद्धता ग्रीकांची, चिन्यांकडे नुसती आकडेमोड, असंही सर्रास लिहिलं जातं. वर्तुळाच्या आत आणि बाहेर षटकोन काढून बाजूंची संख्या दुप्पट करत आर्किमिडीज 96 बाजूंपर्यंत गेला आणि पाय (π) हा 223/71 आणि 22/7 यांच्यामध्ये अडकवला. चिनी गणिती ल्यू ह्वेईने इ.स. 263 मध्ये तसाच षटकोनापासून निघून 192 बाजूंनी 157/50 काढला, आणि रीत का चालते याचं कारणही दिलं. फरक आहेच: युक्लिडसारखी गृहीतकांवर चढवलेली इमारत चीनमध्ये उभी राहिली नाही. पण होमर हातात धरून चीनमध्ये महाकाव्य शोधायला गेलात तर उणीवच सापडणार. 'शिजिंग' या प्राचीन चिनी काव्यसंग्रहातल्या 305 कविता धरून ग्रीसकडे गेलात तर तिकडेही काहीतरी कमीच भरेल.

तारखांचं थोडक्यात: कन्फ्यूशियस इ.स.पू. 479 मध्ये गेला, सॉक्रेटिस त्यानंतर जन्मला. ॲरिस्टॉटलच्या पिढीचा हवा असेल तर कन्फ्यूशियसच्या परंपरेतला मेन्शियस घ्या.

शेवटची चूक म्हणजे ऐकणारा कोण हे विसरणं. मला ही सर्वात महागाची वाटते. अथेन्समध्ये बोलणाऱ्याला शेकडो पंचांचं बहुमत मिळवायचं असे; मेन्शियस थेट ल्यांगच्या राजाशी बोलतो. साहजिकच एकाचा युक्तिवाद प्रतिस्पर्ध्याला पाडायला धावतो, दुसऱ्याचा राजाला न दुखावता वळवायला. सॉक्रेटिसला इ.स.पू. 399 मध्ये पंचांच्या मतांनी विष दिलं. राजाचं मन वळवणं किती अवघड, यावर स्वतंत्र प्रकरण लिहिणारा हान फेई इ.स.पू. 233 मध्ये छिनच्या तुरुंगात मेला.