जुन्या ब्रिटिश गाडीचा ऑइल सील इथेच मिळवा

मॉरिस मायनर किंवा एमजीचा साधा ऑइल सील (फिरत्या दांड्याभोवती, म्हणजे शाफ्टभोवती, तेल अडवणारी रबरी कडी) इंग्लंडहून मागवला, तर कुरिअर आणि कस्टम्स ड्युटीच सीलपेक्षा महाग पडते.

१. जुना सील पुसून त्यावरचा नंबर वाचा.
२. नंबर गेला असेल तर व्हर्नियरने शाफ्टचा व्यास, हाउसिंगचा (सील ज्यात बसतो त्या भोकाचा) आतला व्यास आणि जाडी मोजा. माप सीलवर नको, तो दबलेला असतो.
३. बेअरिंगच्या दुकानात इंची मापाचाच सील मागा. सव्वा इंच म्हणजे ३१.७५ मिमी, दुकानदार ३२ चा ‘चालेल’ म्हणून देतो. नाही चालत, लिप (शाफ्टला टेकणारी सीलची आतली कड) सैल बसून तेल गळते. जाडी किंचित कमी चालते.

ब्रेक सिलिंडरचे रबर मात्र असे घेऊ नका. ऑइल सीलचे नायट्राइल रबर ब्रेक ऑइलमध्ये फुगते.