जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा कसा तपासावा आणि त्यात दुरुस्ती कशी सुचवावी

जागल्यांना, म्हणजे आपल्या संस्थेतला गैरप्रकार उघड करणाऱ्यांना, संरक्षण देणाऱ्या कायद्याचा मसुदा हरकती आणि सूचनांसाठी जाहीर झाला, की बहुतेक वाचक तो उद्देशिकेपासून वाचू लागतात आणि तिथल्या भारदस्त शब्दांनी आश्वस्त होऊन पुढची कलमे वरवर चाळतात. याहून उपयोगी पद्धत अशी, की एक व्यक्ती डोळ्यांसमोर ठेवावी आणि तिच्यावर काय काय ओढवू शकते, ते कोऱ्या कागदावर क्रमाने लिहून काढावे. या लेखापुरती आपण औषधनिर्मितीच्या कारखान्यातली एक गुणवत्ता तपासनीस घेऊ. चाचणीत नापास ठरलेल्या औषधाच्या नोंदी बदलून तो माल बाजारात पाठवला जात आहे, हे तिच्या लक्षात येते. ती वरिष्ठांना सांगते. काही आठवड्यांत तिची बदली अशा विभागात होते, जिथे तिला कामच नाही. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात तिला पहिल्यांदाच वाईट शेरा मिळतो. मग चौकशी, मग बडतर्फी, मग न्यायालयातल्या तारखा, आणि दुसरीकडे अर्ज केला तर मुलाखतीचे बोलावणेही नाही. यातल्या प्रत्येक घटनेसमोर मसुद्यातले कोणते कलम तिच्या कामी येते, त्याचा क्रमांक लिहावा. जी जागा कोरी राहील, तिथे दुरुस्ती सुचवायची आहे.

बोलावे की गप्प राहावे हे ही तपासनीस ठरवत असते, तेव्हा कायदा तिला काय सांगतो, यावर मी त्या कायद्याची किंमत करतो. भरपाई मिळेपर्यंत नोकरी, शिल्लक आणि बहुतेक वेळा प्रकृतीही गेलेली असते. म्हणून प्रत्येक कलम वाचताना एकच प्रश्न धरून ठेवावा: हे संरक्षण तिला नुकसान होण्याआधी मिळते की झाल्यानंतर?

सुरुवात व्याख्यांच्या कलमापासून करावी, कारण संरक्षणातून माणसे सर्वाधिक तिथेच वगळली जातात. ‘कर्मचारी’ या शब्दाचा अर्थ कायम नोकरीतली व्यक्ती एवढाच असेल, तर कंत्राटी कामगार, प्रशिक्षणार्थी आणि नोकरी सोडून गेलेली माणसे बाहेर पडतात. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशाने ही व्याप्ती बरीच रुंद ठेवली आहे. तिच्यात भागधारक, स्वयंसेवक, कंत्राटदारांकडे काम करणारे, माजी कर्मचारी आणि नोकरीसाठी नुसता अर्ज केलेले उमेदवारही येतात. जागल्याला मदत करणारा सहकारी आणि त्याच संस्थेत नोकरीला असलेला त्याचा नातेवाईक यांनाही त्यात संरक्षण आहे. आपल्या मसुद्यात ही शेवटची तरतूद नसेल तर ती आवर्जून मागावी, कारण तपासनिसाला हात लावता येत नाही म्हणून त्याच कारखान्यातल्या तिच्या भावाला काढून टाकणे हा सूड घेण्याचा अगदी सोपा मार्ग आहे.

त्याच कलमात कोणती माहिती संरक्षणास पात्र आहे, हेही पाहावे. केवळ ‘गुन्हा’ किंवा ‘भ्रष्टाचार’ एवढेच शब्द असतील, तर सार्वजनिक आरोग्याला, पर्यावरणाला किंवा सुरक्षिततेला असलेला धोका त्यात बसत नाही. काही वेळा प्रकार कायद्याच्या चौकटीत असूनही लोकांना तो कळणे आवश्यक असते. लक्झेंबर्गमधल्या एका लेखा आणि कर सल्लागार संस्थेत काम करणारे राफाएल हाले यांनी मोठ्या कंपन्यांची करविषयक कागदपत्रे पत्रकाराला दिली, म्हणून त्यांना तिथल्या न्यायालयाने १,००० युरो दंड केला होता. त्या कागदपत्रांत दिसणारे व्यवहार बेकायदा नव्हते. तरीही २०२३ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या महापीठाने त्यांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग झाल्याचा निर्णय दिला. ‘सार्वजनिक हिताची माहिती’ असा शब्दप्रयोग का मागावा, हे मसुद्यावरच्या सूचना विचारात घेणाऱ्या समितीला पटवून देताना या निकालाचा दाखला उपयोगी पडतो.

‘सद्हेतू’ हा शब्द दिसला की तिथे खूण करावी. हेतू तपासण्याची मुभा मिळाली, की सुनावणीत औषध मागे पडते आणि तपासनिसाचे वरिष्ठांशी झालेले जुने भांडण पुढे येते. ब्रिटनच्या १९९८ च्या कायद्यात ही अट होती. २०१३ च्या दुरुस्तीने ती संरक्षणाच्या पात्रतेतून काढली, मात्र सद्हेतूचा अभाव आढळला तर भरपाईत २५ टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा अधिकार ठेवला. त्याच वेळी ही माहिती देणे सार्वजनिक हिताचे आहे असा वाजवी विश्वास असला पाहिजे, अशी नवी अटही आली. ‘माहिती देताना ती खरी आहे असे मानण्यास वाजवी कारण होते’ एवढी कसोटी पुरेशी आहे, असे माझे मत आहे.

यानंतर माहिती कुठे द्यायची त्याचे मार्ग तपासावेत. संस्थेतली अंतर्गत यंत्रणा, बाहेरचा नियामक आणि शेवटी जनता किंवा माध्यमे, असे तीन मार्ग साधारणपणे असतात. ‘आधी संस्थेतच तक्रार केली पाहिजे’ अशी सक्ती असेल तर ती काढून टाकण्याची सूचना करावी, कारण नोंदी बदलण्याचा आदेश देणाराच अनेकदा ती तक्रार वाचणारा असतो. युरोपीय निर्देशाने ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांना अंतर्गत यंत्रणा बंधनकारक केली, तक्रारीची पोच सात दिवसांत आणि पुढे काय केले ते तीन महिन्यांत कळवण्याची मुदत घातली, आणि तरीही थेट नियामकाकडे जाण्याचा मार्ग मोकळा ठेवला. याच्या उलट चूकही होऊ शकते. अमेरिकेच्या २०१० च्या वित्तीय सुधारणा कायद्यात जागल्याची व्याख्या रोखे बाजाराच्या नियामकाला माहिती देणाऱ्यापुरती होती. त्यामुळे केवळ कंपनीत तक्रार केलेल्याला त्या कायद्याचे सूडविरोधी संरक्षण मिळत नाही, असा निर्णय तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला २०१८ मध्ये एकमताने द्यावा लागला. व्याख्येतल्या दोन-चार शब्दांनी केवढे नुकसान होते, ते यावरून दिसते. मार्ग कोणताही निवडला तरी संरक्षण तेच राहील, असे मसुद्यात स्पष्ट लिहिलेले असावे.

गोपनीयतेचे कलम वाचताना सत्येंद्र दुबे यांची आठवण ठेवावी. भारतातल्या राष्ट्रीय महामार्ग प्रकल्पावरच्या या अभियंत्याने तिथल्या गैरव्यवहारांविषयी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले आणि आपली ओळख गुप्त ठेवण्याची विनंती केली. ते पत्र त्यांच्या नावासह खात्याखात्यांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची हत्या झाली. ‘ओळख गुप्त ठेवली जाईल’ हे वाक्य म्हणूनच अपुरे आहे. मूळ तक्रार किती जणांनी पाहायची, नाव वेगळे करून उतारा कोणी तयार करायचा, न्यायालयाच्या आदेशाने नाव उघड करावे लागलेच तर जागल्याला त्याची आगाऊ सूचना कशी द्यायची, आणि नाव फोडणाऱ्याला कोणती शिक्षा, या चारही गोष्टी कलमात लिहिलेल्या हव्यात. निनावी तक्रारी पूर्णपणे फेटाळणारे कलम असेल तर त्याला हरकत घ्यावी. कागदपत्रांनी पडताळता येणारी माहिती असेल तर सहीशिवायही तपास व्हावा, आणि नंतर नाव उघड झाले तर संरक्षण लागू व्हावे.

आता ज्या कलमावर सगळा कायदा उभा राहतो किंवा कोसळतो, त्या पुराव्याच्या भाराकडे वळू. बदली आपण बोलल्यामुळेच झाली हे तपासनिसाने सिद्ध करायचे असेल, तर ती बहुधा हरणारच. बदलीची टिपणी, बैठकीतली चर्चा, वरिष्ठांचे आपसातले ईमेल हे सारे मालकाच्या ताब्यात असते. अमेरिकेत १९८९ मध्ये केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी झालेल्या कायद्याने यावर चांगला तोडगा काढला. माहिती उघड करणे हे प्रतिकूल कारवाईमागचे एक कारण होते, एवढेच कर्मचाऱ्याने दाखवायचे, आणि ते नसते तरी हीच कारवाई झाली असती, हे खात्याने स्पष्ट आणि खात्रीलायक पुराव्याने सिद्ध करायचे. युरोपीय निर्देशातही जागल्याने माहिती दिल्याचे आणि नुकसान झाल्याचे दाखवले, की ते सूडापोटी झाले असे गृहीत धरले जाते.

सूचना देताना ‘पुराव्याचा भार बदलावा’ एवढे म्हणून थांबू नये. समितीसमोर तयार मजकूर असला, तर तो उचलला जाण्याची शक्यता वाढते. उदाहरणार्थ असे लिहिता येईल: ‘एखाद्या व्यक्तीने या अधिनियमाखाली माहिती दिल्यानंतर तिच्याविरुद्ध प्रतिकूल कारवाई झाल्यास, ती कारवाई माहिती दिल्यामुळेच झाली असे गृहीत धरले जाईल, आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी नियोक्त्यावर राहील.’ त्यासोबत ‘प्रतिकूल कारवाई’ची व्याख्याही द्यावी. बडतर्फी आणि निलंबन सगळेच लिहितात. काम काढून घेणे, वाईट शेरा, पदोन्नती रोखणे, कंत्राटाचे नूतनीकरण न करणे, मानसिक तपासणीस पाठवणे, त्या क्षेत्रातल्या इतर मालकांना नाव कळवून दारे बंद करणे, आणि बदनामीचे दावे लावून दमवणे, हेही त्यात नावानिशी यायला हवे.

भार बदलला तरी निकाल लागेपर्यंत जगायचे कसे, हा प्रश्न उरतोच. म्हणून अंतरिम दिलाशाची तरतूद शोधावी, म्हणजे अंतिम निकालापूर्वीच बदलीला स्थगिती किंवा वेतन चालू ठेवण्याचा आदेश मिळण्याची सोय. ब्रिटनमध्ये बडतर्फीच्या प्रकरणी असा दिलासा मागता येतो, पण नोकरी संपल्यापासून सात दिवसांच्या आत. ज्या आठवड्यात माणूस धक्क्यातून सावरलेलाही नसतो, त्यात वकील गाठून अर्ज करायचा, ही अपेक्षा मला निर्दय वाटते. तक्रारीच्या एकूण मुदतीकडेही असेच पाहावे. अमेरिकेच्या १९७० च्या कामगार सुरक्षा कायद्यात सूडाची तक्रार करायला केवळ ३० दिवस आहेत. किमान एक वर्ष मागावे, आणि ते सूडाची जाणीव झाल्याच्या दिवसापासून मोजावे.

खोट्या तक्रारीच्या शिक्षेचे कलम जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्यापुरते मर्यादित आहे का, ते तपासावे. भारताच्या २०१४ च्या कायद्यात ते तसे आहे, परंतु शिक्षा दोन वर्षांपर्यंतचा कारावास आणि ३०,००० रुपयांपर्यंतचा दंड अशी आहे. प्रामाणिक चुकीला शिक्षा नाही, असे स्वतंत्र वाक्य तिथे असावे, कारण तुरुंगाचा नुसता उल्लेखही अनेकांना गप्प बसवतो. नोकरीच्या करारातली किंवा तडजोडीतली गोपनीयतेची अट या कायद्याने मिळालेला हक्क काढून घेऊ शकणार नाही, हेही लिहून घ्यावे. बक्षिसाची तरतूद असेल तर ती स्वागतार्ह आहे, पण संरक्षणाला ती पर्याय मानू नये.

सर्वांत शेवटी प्रारंभाचे कलम पाहावे, जे सहसा कोणी वाचत नाही. ‘शासन अधिसूचनेद्वारे ठरवील त्या दिनांकापासून’ हे शब्द निरुपद्रवी दिसतात. भारताच्या कायद्याला मे २०१४ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि याच शब्दांमुळे दहा वर्षांनंतरही तो अंमलात आलेला नव्हता. म्हणून लेखी सूचनेत कलमाचा क्रमांक, मूळ शब्द, सुचवलेले शब्द आणि दोन ओळींत कारण अशा रीतीने हेही कलम घ्यावे, आणि त्याजागी पुढील मजकूर मागावा: ‘राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून १८० दिवस पूर्ण होताच, नियम तयार झालेले असोत वा नसोत, हा अधिनियम अंमलात येईल.’