हँड हायजीनची मोहीम आणि नवी सिस्टर

पहिली पोस्टिंग मिळाली की पहिल्या मे महिन्यातच कळतं, हॉस्पिटलात हात धुण्याचाही सण असतो. ५ मेला जागतिक हात स्वच्छता दिन, पाठोपाठ १२ मेला परिचारिका दिन. एकाच आठवड्यात दोन्ही उरकायचे म्हणून रांगोळी, पोस्टर, शपथ आणि कुठल्यातरी गाण्यावर सहा स्टेप्सचा नाच. नाईट संपवून घरी निघालेल्या सिस्टरला थांबवून "जरा मागच्या रांगेत उभ्या राहा, फोटोत स्टाफ दिसायला हवा" म्हणतात. त्यानंतर चेंजिंग रूममध्ये जे ऐकू येतं ते तुमच्याही कानावर पडणारच आहे, म्हणून आधीच सांगते. त्या चिडण्यात बरंच खरं आहे. पण चिडचिड मोहिमेवर काढा, पेशंटवर नको.

पाच मोमेंट्स, म्हणजे हात स्वच्छ करायच्या पाच वेळा (पेशंटला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त-लघवीसारख्या स्रावांशी संपर्क आल्यावर, पेशंटला हात लावल्यावर, त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यावर), तुम्हाला पाठ आहेत. रबला (हातावर चोळायच्या अल्कोहोलच्या द्रावणाला) २० ते ३० सेकंद आणि साबण-पाण्याला ४० ते ६० सेकंद, हेही इंटरव्ह्यूमध्ये विचारून झालेलं असतं. ते परत सांगत बसत नाही.

सीनियर सिस्टर सगळ्यात आधी म्हणतात, "वेळ कुठाय?" हे रडगाणं नाही. १९९७ मध्ये व्हॉस आणि विडमर या दोन संशोधकांनी आयसीयूचा हिशोब मांडला होता. बारा जणांच्या स्टाफने दर वेळी बेसिनवर जाऊन साबणाने हात धुतले तर एका शिफ्टमध्ये सगळ्यांचे मिळून १६ तास त्यातच जातात. खाटेशेजारी रब असेल तर तेच काम ३ तासांत होतं. जनरल वॉर्डात खाली गाद्या टाकून पेशंट ठेवलेत, दोन सिस्टर आणि एक मावशी आहे, उन्हाळ्यात दुपारनंतर नळाला करंगळीएवढी धार आहे, तिथे "वेळ नाही" म्हणणारीला मी खोटं ठरवणार नाही. पण बेसिनपर्यंत जायला वेळ नाही हे जितकं खरं, तितकं रब घ्यायला वेळ नाही हे खरं नाही. जुलाबाचा पेशंट असेल किंवा हाताला काही दिसत असेल, तर मात्र बेसिनच. क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिले (आधीचं नाव क्लॉस्ट्रिडियम) या जुलाबाच्या जंतूच्या स्पोअर्सना, म्हणजे त्याच्या टणक कवचातल्या बीजाणूंना, अल्कोहोल काही करत नाही.

दुसरी तक्रार ऑडिटची, म्हणजे कोण कधी हात स्वच्छ करतं याच्या नोंदीची, आणि तीही ठरलेली: "आमचंच ऑडिट का? राउंडला येणाऱ्या सरांचं कोण करणार?" या तक्रारीला तर इतिहासाचाच पाठिंबा आहे. व्हिएन्नाच्या जनरल हॉस्पिटलात १८४७ साली डॉ. सेमेलवाइसने क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले ते डॉक्टरांना आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना. शेजारच्या सुईणींच्या क्लिनिकमध्ये बाळंतिणी आधीपासूनच कमी दगावत होत्या, कारण सुईणी शवविच्छेदनाच्या टेबलावरून थेट लेबर रूममध्ये येत नव्हत्या. सीएनईत (नर्सेसच्या चालू प्रशिक्षणात) दर वर्षी सेमेलवाइसची स्लाइड असते, सुईणींचं वाक्य मात्र कुणी वाचून दाखवत नाही. असो. सरांशी वाद घालून काही मिळत नाही, नवीन असताना तर नाहीच. मी राउंडच्या ट्रॉलीवर बाटली ठेवते, फाइल देण्याआधी बाटली पुढे करते आणि फक्त "सर, रब" एवढंच म्हणते. दहांतले आठ जण निमूट हात पुढे करतात. उरलेल्या दोघांसाठी इनचार्ज सिस्टर आहेत.

आता मुख्य मुद्दा. यात मी बराच काळ अडकले होते, आणि माझ्यामागून आलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलीला मी यात अडकताना पाहिलंय. तो म्हणजे मोमेंट टू, निर्जंतुक कामाआधीची.

रात्री दोनचा अँटिबायोटिक डोस द्यायचाय. तुम्ही खाटेशी येता, पायथ्याच्या बाटलीतून रब घेता, छान चोळता. मोमेंट वन झाली. मग लाईट लावता. साइड रेल खाली करता. पेशंट हातावर डोकं ठेवून झोपलेला असतो, त्याला हलवून हात सोडवता, चादर बाजूला करता. नातेवाइकाचा मोबाइल खाटेवर असतो, तो उचलून लॉकरवर ठेवता. सलाईनचा रोलर बंद करता, नाव जुळवायला फाइल उघडता, खिशातलं पेन काढता. आणि मग त्याच बोटांनी थ्री-वेचं (शिरेतल्या नळीला जोडलेल्या तोटीचं) टोपण उघडता.

तुमच्या मनात तुम्ही हात स्वच्छ केलेले आहेत. ऑडिट करणाऱ्या सिस्टरच्या कागदावर तिथे "मिस्ड" पडतं. तुमचा जीव जळतो, कारण तिच्या डोळ्यांदेखत रब घेतलेला असतो. पण ती बरोबर आहे. रेल, चादर, मोबाइल, फाइल, पेन, या सगळ्यांवरचं जे काही असेल ते आता तुमच्या बोटांवर आहे आणि बोटं जिथे जाणार तिथून पुढे थेट रक्त आहे. मोमेंट वन पेशंटला हात लावण्यापुरती. टोपण उघडायच्या आधी पुन्हा रब, मग हब (सिरिंज जोडायचं तोंड) स्पिरिट स्वॅबने घासायचं, वाळू द्यायचं, मग सिरिंज. कॅथेटरची बॅग, सक्शन, ड्रेसिंग, सगळीकडे हेच.

यावर उपाय म्हणून "जास्त वेळा हात धुवा" असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. उपाय कामाच्या क्रमात आहे. आधी सगळी मांडामांड करून घ्या: लाईट, रेल, चादर, हाताची पोझिशन, नाव जुळवणं, ट्रेमध्ये भरलेली सिरिंज, स्वॅब फोडून तयार. पेन परत खिशात. आणि मग रब, मग टोपण. मधे काहीही नाही. मधे फोन वाजला तर वाजू द्या. रबची बाटली खाटेच्या पायथ्याशी असून भागत नाही, ती ट्रेमध्ये हवी, म्हणून मी खिशात छोटी बाटली ठेवते. ही एकच पळवाट मला मान्य आहे.

हे इतकं लांबण लावून सांगतेय कारण पोस्टरवर हे दिसत नाही. पोस्टरवर खाट, पेशंट आणि पाच बाण असतात. साइड रेल नसते. शिवाय आपला कल माहीत आहे ना? पेशंटला हात लावून झाल्यावर आपण न सांगता हात धुतो. घाण आपल्याला लागलेली असते, ती घरी लेकराकडे न्यायची नसते. हात लावायच्या आधी धुताना फायदा समोरच्याचा असतो, आणि तेच नेमकं राहून जातं. कुठल्याही वॉर्डाचं ऑडिट उघडा, "नंतर"चे आकडे चांगले आणि "आधी"चे पडलेले दिसतील.

ग्लोव्हजचा गैरसमजही इथलाच. ग्लोव्हज घातले म्हणून एकही मोमेंट कमी होत नाही. घालायच्या आधी, काढल्यावर, दोन्ही वेळा हात. एकच जोडी घालून चार खाटांचं टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं) करणारी सिस्टर स्वतःला जपते आणि चारही पेशंटना एकमेकांची भेट घालून देते. आणि ग्लोव्हजवरच रब चोळायची जी नवी टूम निघाली आहे, ती तर मला बघवत नाही. फेकायचे ते, चोळायचे नाहीत.

आकड्यांवरून घाबरू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत जगभरातल्या अभ्यासांची कम्प्लायन्सची, म्हणजे हात स्वच्छ करायला हवे तेव्हा खरंच केल्याची, सरासरी ३८.७ टक्के दिली आहे. ज्या मोहिमेचं उदाहरण सगळे देतात त्या जिनिव्हाच्या हॉस्पिटलात डॉ. पिटे आणि त्यांच्या टीमने १९९४ ते १९९७ या काळात आकडा नेला तो ४८ वरून ६६ टक्क्यांवर. बाटल्या खाटेशी आल्या, पोस्टरं स्टाफनेच केली, वरचे लोक पाठीशी उभे राहिले, आणि तरी ६६. तेव्हा एखाद्या वॉर्डाच्या बोर्डावर दर महिन्याला ९८ टक्के दिसत असतील तर तिथे हात धुतले जात नाहीत, पाट्या टाकल्या जातात. एनएबीएचचे (हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या मंडळाचे) असेसर यायच्या आठवड्यात सगळे धुतातच. निरीक्षण करणारी सिस्टर कागद घेऊन कोपऱ्यात उभी राहिली की माझेही हात आपोआप बाटलीकडे जातात. तुमच्या नावावर "मिस्ड" आलं तर रडू नका, भांडू नका. "कुठली मोमेंट?" एवढंच विचारा. उत्तर मिळालं तर ती सिस्टर धरून ठेवा, तिच्याकडून शिकण्यासारखं आहे. "लक्ष द्या जरा" एवढंच ऐकू आलं तर सोडून द्या. माझ्या मते चांगली सीनियर भाषण देत नाही. ती पहाटे चारला, कुणी बघत नसताना, टोपण उघडायच्या आधी थांबते. तिच्याबरोबर दोन नाईट करा.

कातडीचं कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. हाताला भेगा पडल्या की रब झोंबतो. मग वाटतं रबनेच हात खराब झाले, आणि आपण साबणाकडे वळतो. तिथे आणखी फसतो. बहुतेक वेळा गुन्हेगार साबणच असतो. चांगल्या रबमध्ये ग्लिसरीन असतं, साबण हातातलं होतं नव्हतं ते तेलही काढून टाकतो. साबणाने धुऊन लगेच वर रब, हा "डबल सेफ्टी"चा उद्योग बंद करा. एक काहीतरी. धुतलेत तर टिपून पूर्ण कोरडे करा, वॉर्डातल्या त्या सार्वजनिक नॅपकिनला नाही, आणि ओल्या हातावर ग्लोव्हज चढवू नका. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन घरी, झोपताना. ड्यूटीवर नको, तेलकट हाताने लॅटेक्सचे ग्लोव्हज खराब होतात. तरीही भेगा भरल्या नाहीत तर स्किन ओपीडीत दाखवा आणि इनचार्जना लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं हवेत जातं.

बांगड्या, अंगठी, घड्याळ मनगटावर नको, नखं कापलेली, खोटी नखं अजिबात नाहीत. नव्या लग्नाच्या मुलींचा चुड्यावरून घरी वाद होतो हे मला ठाऊक आहे. सासूबाईंना पोस्टर दाखवून उपयोग नसतो. "आयसीयूत चालत नाही, मेट्रन मॅडम काढायला लावतात" म्हणा, मेट्रनच्या नावावर ढकला. त्यांना सवय आहे. ड्यूटीला येताना काढून पाऊचमध्ये ठेवायचा, जाताना घालायचा. घड्याळ पिनचं घ्या, पल्स मोजायला तेच सोयीचं.

आणि पहिल्या महिन्यातच स्टोअरच्या सरांशी ओळख करून घ्या. रबची बाटली बहुतेक वेळा रविवारी रात्री संपते आणि स्टोअर सोमवारी दहाला उघडतं. शनिवारी दुपारच्या हँडओव्हरच्या आधी सगळ्या खाटांच्या बाटल्या हलवून बघा आणि इंडेंट (मागणीपत्र) टाका. अर्धवट बाटलीत वरून नवा रब ओतायचा नाही, बाटलीच बदलायची. इंडेंट परत आलं तर त्यावर तारीख आणि सही घेऊन झेरॉक्स फाइलला लावा. पुढच्या ऑडिटला "रब उपलब्ध नव्हता" हे सिद्ध करायला तोच कागद लागतो.