कच्छच्या खडकांत तंबू: बडोद्याहून निघणाऱ्यांसाठी

वाळवंटातले खडक बघायला बडोदेकरांनी जैसलमेरपर्यंत जायलाच हवं असं नाही. भुजपासून तासाभरावर कडिया ध्रोची घळ आहे आणि रणाच्या मधोमध खडीर बेट, ज्यावर धोलावीरा वसलंय. चालायला कडिया ध्रो आणि मुक्कामाला खडीर, अशी वाटणी करा. ती घळ पाण्यानेच कोरलेली आहे. वरच्या अंगाला पाऊस झाला की डोक्यावर ढग नसतानाही लोंढा येतो, म्हणून तिथे रात्र काढू नये.

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत जा. पहाटे पाचला निघून अहमदाबाद, विरमगाम, ध्रांगध्रा, माळिया, सामखियाळी, रापर असं गेलात तर खडीरला पोचायला नऊ-दहा तास लागतात. डिसेंबरात सवासहाच्या आत सूर्य मावळतो आणि तंबू उजेडातच उभा व्हायला हवा, तेव्हा वाटेत रेंगाळू नका. रापरला टाकी फुल करा, टायरची हवा बघा, पाणी भरा. पिण्या-रांधण्यासाठी माणशी दिवसाला पाच लिटर धरा, वर गाडीसाठी दहा लिटरचा एक कॅन. बेटाभोवतीचं रण अभयारण्यात येतं, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम नाही. गावालगतची खासगी जमीन, मालकाला विचारून, हेच उत्तम.

खरी परीक्षा तंबू बांधण्यात आहे. खडकात खुंटी शिरत नाही आणि भुसभुशीत वाळूत शिरलेली टिकत नाही. म्हणून आपल्या दांड्यांवर उभा राहणारा तंबू घ्या आणि प्रत्येकी तीन मीटरच्या आठ जादा दोऱ्या ठेवा. खडकावर दोरी नारळाएवढ्या दगडाला गुंडाळा आणि त्या दगडाच्या पुढे, तंबूच्या बाजूला, दोरीवर दहा-पंधरा किलोचा धोंडा टेकवा. ताण आला की लहान दगड मोठ्यामागे अडकून बसतो. एकाच मोठ्या धोंड्याला गाठ मारली तर दोरी रात्रभर वालुकाश्मावर घासते आणि पहाटे तुटते. वाळूत कापडी पिशवी वाळूने भरून तिच्या मध्यावर दोरी बांधा, हातभर खोल आडवी पुरा आणि वरून तुडवा. अरुंद बाजू वाऱ्याकडे ठेवा. रात्री वारा पडला म्हणून दोऱ्या सैल करू नका, तो पुन्हा सुटतो.

तंबू टाकण्याआधी जागा हाताने नाही, झाडूने साफ करा. गांडो बावळचे, म्हणजे वेड्या बाभळीचे, काटे चटई आणि तळ दोन्ही फोडतात, टायरही. पंक्चर किट आणि छोटा कॉम्प्रेसर हवाच. थंडी दहा अंशांखाली उतरते, तेव्हा जाड रजई किंवा पाच अंशांची स्लीपिंग बॅग घ्या. शेगडी तंबूच्या आत कधीही पेटवू नका. साचलेल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जेवणाचं सोपं आहे: पहिल्या दिवशी थेपले, पुढे खिचडी.

कडिया ध्रोमध्ये गाडी थांबते तिथून पायीच जायचं, जवळच्या गावातला वाटाड्या घेऊन. पावसानंतर दोन-तीन दिवस कड्यांवर चढू नका. भिजलेल्या वालुकाश्माची ताकद कमी होते, हाताशी आलेली कडा सरळ तुटून येते. कोरडा असतानाही त्यावर सुटी वाळू असते, उतरताना तीच पाय घसरवते. कडेपासून दोन मीटर आत राहा, खालून पोखरलेली कड वरून कळत नाही. भोवऱ्याने कोरलेल्या रांजणखळग्यांत उतरू नका, कडा गुळगुळीत असतात आणि वर यायला पकड मिळत नाही.

फुरसं इथे सर्रास आढळतं. घोट्यावर येणारे बूट, अंधारात टॉर्च, सकाळी बूट झटकणं, यात सूट नाही. चावलं तर घट्ट बांधू नका, चिरा देऊ नका. अवयव हलू न देता १०८ला फोन करा आणि रुग्णाला रुग्णालयात न्या. खडीरवर फोनला रेंज सगळीकडे नसते, म्हणून सर्वात जवळचं सरकारी दवाखाना असलेलं गाव आधीच विचारून ठेवा.

धोलावीऱ्याजवळच्या जीवाश्म उद्यानात लाकडाचे दगड झालेले ओंडके आहेत. त्यांचा तुकडाही उचलायचा नाही.

रणाच्या पांढऱ्या पापुद्र्यावर गाडी उतरवू नका, खाली ओला चिखल असतो. सुट्या वाळूत चाक फिरू लागलं की अॅक्सिलरेटर सोडा, चाकांपुढची वाळू काढा, हवा बावीस पीएसआयवर आणा आणि हळू बाहेर या. डांबरावर येण्याआधी ती पुन्हा भरा. घरी परतल्यावर गाडीचा तळ प्रेशरने धुवून घ्या, मिठाने तो गंजतो. तंबूच्या चेनमधली वाळू कोरड्या टूथब्रशने काढा, नाहीतर पुढच्या वेळी चेन बसणार नाही.