कॉम्प्युटर आवाज करतोय? आधी नीट ऐका

कॉम्प्युटर आवाज करायला लागला की लगेच नवा पंखा आणायला धावू नका. आधी आवाज ओळखा. जाड कागदाची सुरळी करून एक टोक कानाला लावा आणि दुसरं कॅबिनेटच्या बाहेरून फिरवा. आवाज कुठून येतोय ते चटकन कळतं.

सतत घोंघावणारा आवाज बहुतेक वेळा पंख्याचा. हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) फटींत धुळीची गादी बसली की हवा अडते, प्रोसेसर तापतो आणि मदरबोर्ड पंख्याचा वेग वाढवतो. म्हणजे दोष धुळीचा असतो. कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा आणि मऊ ब्रशने झाडून घ्या. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग खराब होऊ शकतं. साफ केल्यावरही खरखर राहिली तर बेअरिंगच गेलंय, पंखा बदला.

हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते, तेव्हा हलकी गुणगुण साहजिक आहे. पण ‘टक... टक’ असा ठोका ऐकू आला तर डिस्क बिघडत असू शकते; बाकी सगळं सोडून आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करा.

आणि डासासारखी बारीक चिरचिर, जी गेम सुरू केल्यावर वाढते? ती कॉईलची, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्याची. वेगाने बदलणाऱ्या प्रवाहामुळे तारेचे वेढे थरथरतात. मला हे फार विलक्षण वाटतं, वीज चक्क कानांनी ऐकू येते! त्याने सहसा बिघाड होत नाही. गेमचा फ्रेम रेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) कमी ठेवला की चिरचिरही कमी होते.

एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतका चार्ज उरलेला असू शकतो.